एका वाकळेची बडदास्त

जुनी वाकळ दुरुस्तीला काढली की सुईदोऱ्याच्या आधी नातेवाईक गोळा होतात. आमची वाकळ आजेसासूबाईंच्या हातची. वर इरकली लुगड्याचे तुकडे, खाली धोतर, आत कोणाकोणाची पातळं आणि सगळ्यावरून दाट धावदोरा. एका कोपऱ्यातलं ठिगळ सुटलं होतं. ते उचललं तर खाली दुसरं ठिगळ, त्याच्याखाली फुलाफुलांचं तिसरं.

"हे आईच्या झंपराचं," आत्याबाई गहिवरल्या.

"सासूबाईंनी फुलाफुलांचं कधी घातलं होतं, वन्सं?" आमच्या सासूबाईंनी शांतपणे विचारलं. दुरुस्ती तिथंच थांबली आणि माळ्यावरून फोटोंचे अल्बम निघाले.

सगळ्यात हलाखी काळ्या तुकड्यांची. लोखंडाचा कस देऊन काळं केलेलं सुती कापड त्या लोखंडापायीच आतल्या आत कुजत जातं. शेजारचा लाल ठणठणीत आणि काळ्याला बोट लावलं की भुगा! तो उसवायचा नाही. वरून तलम जाळी घालायची आणि कडेच्या धडक्या कापडात टाके घ्यायचे. तेसुद्धा पुढेमागे कुणाला सहज काढता येतील असे.

"काढायचेच आहेत तर घालतेस कशाला?" सासूबाई म्हणाल्या. सगळ्या शास्त्राला पुरून उरणारा प्रश्न.

धुण्यावरून तर घरात दोन तट पडले. आत्याबाईंचा मिठाच्या पाण्यावर गाढ विश्वास: मिठानं रंग बसतो. मी ओला पांढरा कापूस एकेका रंगावर दाबून पाहिला. निळा गप्प राहिला, लालनं लगेच कबुली दिली. धुणं रद्द. मग व्हॅक्यूम क्लीनरच्या तोंडाला जाळी बांधून हलक्या हातानं धूळ ओढत बसले. कामाच्या मावशी फरशी पुसायची सोडून बघत उभ्या.

"ताई, गच्चीत नेऊन दोन काठ्या हाणल्या असत्या की!"

अंबाजोगाईला संतकवी दासोपंतांची पासोडी, म्हणजे त्यांनी ज्यावर ग्रंथ लिहिला ते लांबलचक कापड, ४०० वर्षं टिकलीय, असं मी सगळ्यांना ऐकवलं.

"त्यांच्याकडे पोरं नसतील झोपत तिच्यावर," सासूबाई.

राहता राहिला ठेवायचा प्रश्न. प्लॅस्टिकच्या पिशवीत दमटपणा कोंडून बुरशी धरते, डांबरगोळी कापडाला टेकवायची नाही आणि घडी घातली की घडीवरच धागे तुटतात. तेव्हा जाड नळीवर सैलसर गुंडाळी करून वर धुतलेली मलमल. ही गुंडाळी ५ फूट लांब झाली. कपाटात मावेना, माळ्यावर पत्रा तापतो. शेवटी दिवाण रिकामा केला. त्यातलं गणपतीचं मखर, फराळाचे डबे आणि पाहुण्यांच्या उशा सध्या डायनिंग टेबलावर आहेत. आम्ही जेवायला खाली बसतो. आत्याबाईंचे गुडघे दुखतात, त्यांचं ताट तेवढं दिवाणावर.

"सांडू नका हं," मी म्हणते.


"आईची आहे, मला सांगतेस?" म्हणत त्या आमटी ओरपतात.