सहा पायांचं टेबल

इंग्लंडात जुनं घर घेतलं की सोबत काय काय पदरात पडेल, सांगता येत नाही. आमच्या पदरात महोगनीचं घडीचं जेवणाचं टेबल पडलं. आधीच्या मालकांनी ते आपणहून ठेवलं होतं. एवढं औदार्य कुठून आलं, हे ते हलवायला गेल्यावर कळलं.

मिटलेलं असताना गरीब दिसतं. मधे अरुंद पट्टा, दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या फळ्या. फळी उचलायची आणि खालचा पाय बाहेर ओढून तिला टेकू द्यायचा. या पायाची बिजागरीही लाकडाचीच, आणि तिला माणसाच्या बोटांची भारी आवड.

एकूण पाय सहा. टेबल उघडलं की बसायच्या जागा वाढतात, पण तिथे टेबलाचा पाय आधीच येऊन बसलेला असतो. गणपतीत जेवायला आलेले मामा तो दोन गुडघ्यांत धरून मोदक खात होते, सेलो वाजवायला बसल्यासारखे.

अठराव्या शतकात जेवणं उरकली की असलं टेबल मिटून भिंतीला लावत. लावत म्हणजे नोकर लावत. आमच्याकडे ते पद मी सांभाळतो.

पार्लमेंटने 1721 साली अमेरिकेतल्या वसाहतींच्या लाकडावरची जकात उठवली आणि जमैकाची महोगनी इंग्लंडात येऊ लागली. खोड एवढं रुंद, की अख्खी फळी एकसंध निघे आणि सहसा वाकत नसे. झाडं तोडायला आफ्रिकेतून धरून आणलेले गुलाम होते. हे वाचल्यापासून, जो पाहुणा टेबलाला 'खानदानी' म्हणतो त्याला मी मागचा भात वाढत नाही.

वरची चकाकी लाखेची. लाख मुख्यतः हिंदुस्थानातून जायची, म्हणजे नात्याने आपलीच. पण आमटीचं गरम पातेलं टेकवलं की पांढरं वर्तुळ उठतं! म्हणून हिने पातेल्याखाली चटई, चटईखाली टॉवेल आणि टॉवेलखाली गेल्या वर्षीचं कालनिर्णय अशी व्यवस्था केली आहे. आमटी आता हनुवटीच्या उंचीवर असते.

विकायचं ठरवलं. असल्या तपकिरी फर्निचरचे भाव कित्येक वर्षं पडलेलेच आहेत, तरी एका जुन्या सामानवाल्याला फोटो पाठवले. लगेच त्याचा फोन आला.

"सुंदर आहे हो," तो म्हणाला. "याला जोडी हवी का? माझ्याकडे आहे. फुकट देतो. घरपोच."