तासाची कँडल आणि अपुरा आठवडा
शेअरच्या भावाचे आलेख वेगवेगळ्या कालावधींवर कसे पाहावेत, यावरील आपला लेख वाचला. आधी साप्ताहिक, मग दैनिक आणि शेवटी तासाचा आलेख पाहावा, हा त्यातील क्रम योग्यच आहे. मात्र आपल्या बाजाराच्या वेळा पाहता एक दुरुस्ती सुचवावीशी वाटते. राष्ट्रीय शेअर बाजाराची सकाळी ९.१५ ते दुपारी ३.३० ही नेहमीची वेळ धरली, तर ३७५ मिनिटे होतात. त्यात तासाच्या सहा पूर्ण कँडल (म्हणजे त्या-त्या कालावधीतील भावाचा चढउतार दाखवणाऱ्या आलेखावरील कांड्या) बसतात आणि सातवी अवघ्या १५ मिनिटांची उरते. तिचा व्हॉल्यूम (खरेदी-विक्री झालेल्या शेअरची संख्या) आधीच्या सहांशी ताडून पाहण्यात काहीच अर्थ नाही. ७५ मिनिटांच्या मात्र बरोबर पाच होतात, आणि त्यांतील प्रत्येकीत १५ मिनिटांच्या पुन्हा पाच.

आमच्या जळगावात सराफ बाजारामुळे सोन्याच्या वायद्यात रस घेणारे पुष्कळ आहेत. ते सौदे रात्री उशिरापर्यंत चालतात, त्यामुळे शेअरसाठी बसवलेली ही चौकट तेथे जशीच्या तशी लावू नये.

लेखात न आलेला, पण मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा अपूर्ण कँडलचा आहे. बुधवारी दिसणारी साप्ताहिक कँडल तीनच दिवसांची असते. ती मूव्हिंग ॲव्हरेजच्या (मागील काही कालावधींतील भावांच्या सरकत्या सरासरीच्या) वर गेली म्हणून खरेदी केली आणि शुक्रवारी भाव खाली बंद झाला, तर तो संकेत आलेखावरून नाहीसा होतो, आणि मागाहून जुने आलेख तपासणाऱ्याला तो कधी आला होता याचा पत्ताही लागत नाही. म्हणून वरच्या, म्हणजे मोठ्या कालावधीच्या, आलेखाची दिशा मागील पूर्ण झालेल्या कँडलवरूनच ठरवावी, मग संकेत काही दिवस उशिरा मिळाला तरी चालेल.