रोज धावता म्हणून विरळ हवा तुम्हाला सोडत नाही

‘रोज दहा किलोमीटर धावणाऱ्याला शिखरावर काही होत नाही. वर हवेत ऑक्सिजनचं प्रमाण कमी असतं, म्हणून भरपूर पाणी प्या. डोकं दुखलं तर गोळी घ्या आणि चढत राहा.’ हा मेसेज सगळीकडे फिरतोय. यातलं शेवटचं वाक्य जिवावर बेतू शकतं, म्हणून लिहितेय.

आधी ऑक्सिजन. समुद्रसपाटीवर आणि एव्हरेस्टच्या माथ्यावरही हवेत तो सुमारे २१ टक्केच असतो. घटतो तो हवेचा दाब. साधारण ५५०० मीटरवर दाब निम्म्यावर येतो, त्यामुळे एका श्वासात मिळणारा ऑक्सिजनही निम्माच.

आता फिटनेस. धावण्याने पाय आणि दमसास तयार होतो, चढ सोपा वाटतो. पण विरळ हवेशी जुळवून घेणं, म्हणजे अ‍ॅक्लमटायझेशन, हे वेगळंच काम आहे. श्वास वाढतो, मूत्रपिंडं रक्तातला आम्ल-अल्कलीचा तोल सावरतात, आणि याला दिवस लागतात. उलट तगडा माणूस भराभर चढतो आणि तिथेच फसतो. ३००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका रात्रीत ५०० मीटरहून जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, हा नियम मॅरेथॉनवाल्यालाही लागू आहे.

पाणी हवंच, पण विरळ हवेमुळे होणाऱ्या डोकेदुखी-मळमळीवर ते उपाय नाही. तहान नसताना लिटरच्या लिटर ढोसलं तर रक्तातलं सोडियम घसरतं, आणि त्यातही डोकं दुखतं, मळमळतं. मग नेमकं काय झालंय हेच कळत नाही.

राहिली गोळी. माझा तंबूतला जोडीदार पट्टीचा धावपटू. ४८०० मीटरवरच्या कॅम्पात डोकेदुखीची गोळी घेऊन तो ‘ठीक आहे’ म्हणत होता. संध्याकाळी पाहिलं तर बुटाची लेस हातात धरून नुसता बसलेला. गाठ काही जमेना. टाचेला पंजा लावून सरळ रेषेत चालायला सांगितलं, तिसऱ्या पावलाला तोल गेला. मेंदूला सूज येत असल्याची ही खूण. सकाळची वाट न पाहता त्याला हेडलॅम्पच्या उजेडात दोन्ही बाजूंनी धरून खाली उतरवलं.

गोळीने डोकेदुखी थांबते, सूज थांबत नाही. डोकं दुखत असेल तर आणखी चढू नका. त्रास वाढला, तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर लगेच उतरा, रात्र असली तरी, आणि त्या माणसाला एकट्याने उतरू देऊ नका.