सोलर शिकवायचं तर मुलांच्या हातात मीटर द्या

नागपुरात आता गल्लोगल्ली गच्चीवर सोलर दिसतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधान सूर्यघर योजना आली, ३ किलोवॅटला ७८ हजारांचं अनुदान मिळू लागलं आणि पॅनल बसवणाऱ्या पोरांची मागणी वाढली. एचएससी व्होकेशनल आणि आयटीआयच्या मुलांसाठी ही खरीखुरी संधी आहे. पण अनेक ठिकाणी शिकवणं व्याख्या, आकृती आणि भिंतीवरच्या डेमो बोर्डापुढे सरकत नाही. माझं मत स्पष्ट आहे: पॅनल बसवायला मुलं कामावरही शिकतात. बिघाड नेमका कुठे आहे हे शोधायला शाळेनंच शिकवलं पाहिजे.

त्यासाठी अठराच्या आतल्या मुलांना गच्चीवर चढवायची गरज नाही, चढवूही नये. शाळेच्या आवारात कमरेएवढ्या उंचीवर, दक्षिणेकडे तोंड करून, साधारण २० अंशांच्या उतारावर ५४० वॅटचे ६ पॅनल लावा. सुरुवात एकाच पॅनलवर. सहांची पूर्ण स्ट्रिंग, म्हणजे एकापुढे एक जोडलेली साखळी, सुमारे ३०० व्होल्ट डीसी देते, ती जीव घेऊ शकते. तिथे हातमोजे, १००० व्होल्ट डीसीपर्यंत मोजणारा मीटर आणि शेजारी उभे असलेले सर, हे तिन्ही हवंच.

आता नागपूरच्या उन्हाचा धडा. अशा पॅनलचं ओपन सर्किट व्होल्टेज, म्हणजे काहीही लोड न जोडता मोजलेलं, साधारण ४९.५ असतं, म्हणजे सहांचं २९७. हा आकडा सेलचं, म्हणजे पॅनलमधल्या वीज बनवणाऱ्या चकत्यांचं, तापमान २५ अंश असतानाचा. मे महिन्यात सेल ६५ अंशांवर जातो आणि दर अंशाला सुमारे ०.२७ टक्के व्होल्टेज घटतं, तेव्हा मीटर २६५ च्या आसपास दाखवतो. पॅनल तिथे ठणठणीत असतो. उलट जानेवारीच्या सकाळी २८० दिसले तर शंका घ्यायची: एखादा बायपास डायोड (सावलीतल्या सेलना वळसा घालून वीज पुढे नेणारा भाग) शॉर्ट होऊन एका पॅनलचा तिसरा हिस्सा गेलेला असू शकतो. तापमान न लिहिता व्होल्टेज लिहिणाऱ्या मुलाला त्या नोंदीचे गुण देऊ नयेत.

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो एमसी-फोर कनेक्टरला, म्हणजे पॅनलच्या केबली जोडणाऱ्या प्लगला. ४ चौरस मिमी सोलर केबल, इन्सुलेशन सुमारे ७ मिमी सोललेलं, एकही तार न तुटता. पिन पक्कडीनं दाबायची नाही, त्याच्याच क्रिम्पिंग टूलनं (पिन तारेवर आवळणाऱ्या हत्यारानं) दाबायची, मग हातानं ओढून बघायची. टक असा आवाज येईपर्यंत आत सरकवून मागचा नट स्पॅनरनं कसायचा. सैल जोडात ०.१ ओहम रेझिस्टन्स राहिला आणि १३ अँपिअर वाहिले, तर त्या बोटभर प्लास्टिकमध्ये १७ वॅट उष्णता तयार होते. ते वितळतं, आणि डीसीची ठिणगी एसीसारखी आपोआप विझत नाही. दोन वेगळ्या कंपन्यांचे कनेक्टर एकमेकांत बसले तरी जोडू नयेत. चालू लोडवर तर कनेक्टर उघडायचाच नाही.

ग्राहकाची नेहमीची तक्रार असते, भर दुपारीच इन्व्हर्टर (पॅनलच्या डीसीची घरच्या एसीत वीज करणारा) बंद पडतो. दोष बरेचदा पॅनलमध्ये नसून एसी वायरीत असतो. ५ किलोवॅटचा सिंगल फेज इन्व्हर्टर सुमारे २२ अँपिअर देतो. घराच्या वीजमीटरपर्यंत ३० मीटर लांब ४ चौरस मिमी तांब्याची वायर टाकली, तर वायरीच्या रेझिस्टन्समुळे इन्व्हर्टरच्या टोकाला ६ व्होल्ट चढतात. लाइन आधीच २४८ वर असेल तर झाले २५४, आणि इन्व्हर्टर २५३ च्या मर्यादेला ट्रिप होत असेल तर तो बंद. १० चौरस मिमी वायरीत ही वाढ अडीच व्होल्टच्या आत राहते. हे गणित अकरावीच्या मुलाला नक्की जमतं.

अर्थिंग पावसाळ्यात मोजून मोकळं होऊ नका. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पुरलेल्या इलेक्ट्रोडपासून (अर्थिंगच्या सळईपासून) सुटते आणि रेझिस्टन्स वाढतो. अर्थिंगचा एकच खड्डा ऑगस्टमध्ये आणि एप्रिलमध्ये मोजून रजिस्टरला लिहायला लावा. ५ ओहमच्या वर गेला तर कारण मुलांनीच शोधावं.

सौर कृषिपंपांचंही हेच. विदर्भात पंप गावोगावी पोचताहेत, आणि तो बंद पडल्यावर मीटर घेऊन शेतावर जाणारा माणूस तालुक्यातच असायला हवा.

प्रात्यक्षिक परीक्षेत परीक्षकांनी आधी एक बिघाड करून ठेवावा: सैल क्रिम्प, उडालेला फ्यूज किंवा एका सेलवर चिकटवलेला पुठ्ठा. मुलानं चालू स्ट्रिंगची रीडिंग क्रमानं लिहून बिघाडाची जागा दाखवावी. आणि शहरातल्या सोलरवाल्यांना विनंती: काढून टाकलेले जुने कनेक्टर, जळलेले जंक्शन बॉक्स, बंद इन्व्हर्टर भंगारात देऊ नका, जवळच्या शाळेला द्या.