हुरड्याच्या आगटीवर शेअर कसे भाजावेत

गेल्या रविवारी सोलापूरजवळ अक्कलकोट रोडला एका शेतात हुरडा खायला गेलो होतो. गेलो खायला आणि आलो ऐकून. आगटीतून गरम कणसं निघत होती, बायका चोळून देत होत्या, ताटात शेंगाचटणी, गूळ, दही सगळं होतं, आणि मधोमध मांडी घालून आमचे साडूभाऊ बँकांचे शेअर भाजत बसले होते. समोर माझा चुलतभाऊ, वीज आणि कोळसा घेऊन. दोन तास. हुरडा गार झाला की चिवट होतो हे त्या दोघांच्या गावीही नव्हतं. मला मात्र एवढं ज्ञान मिळालं की एकट्याला पचेना. म्हणून तुमच्यासाठी मांडतोय. गड्ड्याची यात्रा संपायच्या आत दोन-चार हुरडा पार्ट्या तुमच्याही नशिबात असतीलच.

सुरुवात शब्दापासून करा. पडलेल्या शेअरला पडलेला म्हणायचं नाही, ‘व्हॅल्यू’ म्हणायचं. चाटी गल्लीत चादर घेताना आपण ती दोन टोकांनी धरून उजेडात बघतो, बोटाने सूत ओढतो, रंग जाईल का म्हणून चारदा विचारतो. नऊशेची चादर कोणी तीनशेला देतो म्हणाला तर आधी डाग कुठाय ते शोधतो. शेअरच्या बाबतीत असला कोतेपणा शोभत नाही. चारशेचा चाळीसला आला ना? मग डाग बघायचा नसतो, पोतं उघडायचं असतं.

ॲन्युअल रिपोर्ट वाचू नका. डोळे जातात.

पीई, म्हणजे शेअरचा भाव कंपनीच्या एका शेअरमागच्या वार्षिक नफ्याच्या किती पट तो आकडा, मात्र तोंडपाठ ठेवा. ‘पीई फक्त पाच हाय की!’ असं म्हटलं की निम्मी पंगत गप्प होते. कोळसा, तेल, साखर, पोलाद असल्या धंद्यांत नफा ऐन शिखरावर असतो तेव्हाच पीई सगळ्यात कमी दिसतो, आणि पुढच्या वर्षी नफा आटला की तोच शेअर त्याच भावाला महाग ठरतो, हे कोणी बोललंच तर त्याच्या ताटात आणखी दोन कणसं टाका. तोंड भरलेलं बरं.

ऊर्जेवर बोलायचं तर स्वतःची गच्ची हवी. माझ्या चुलतभावाला त्याच्या गच्चीवरून एनटीपीसी या सरकारी वीज कंपनीच्या केंद्राची धुराडी दिसतात. तेराशे वीस मेगावॉट, उजनीचं पाणी, बाहेरून येणारा कोळसा. एवढ्या अभ्यासावर त्याने तो शेअर घेतलाय. ‘दिवे लागतायत तोवर काय होणार नाही बे,’ हे त्याचं विश्लेषण. दिवे 2008 मध्येही लागत होते. त्या जानेवारीत रिलायन्स पॉवरचा इश्यू 450 रुपयांना आला, सत्तर पटींहून जास्त मागणी आली, लोकांनी अर्ज करायला शेअर ठेवायची डीमॅट खाती उघडली. वीज अजून कागदावरच होती. फेब्रुवारीत नोंदणी झाली त्याच दिवशी भाव 450 च्या खाली बंद झाला. देशाला वीज लागते हे कोण नाकारतंय? प्रश्न तुम्ही ती कितीला घेतली हा आहे. पण असा प्रश्न विचारणं हुरड्याच्या शिष्टाचारात बसत नाही, तेव्हा तुम्हीही विचारू नका.

सरकारी तेल कंपन्यांचं तर सोनंच. क्रूड, म्हणजे कच्चं तेल, महागलं की ओएनजीसीला नफा, एवढंच सांगा. 1 जुलै 2022 ला सरकारने देशात निघणाऱ्या क्रूडवर टनाला 23,250 रुपयांचा जादा कर बसवला आणि एका दिवसात तो शेअर तेरा-एक टक्के कोसळला, हे सांगू नका. मालक सरकार असेल तर नफ्याच्या ताटात पहिला घास कोणाचा, हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही. आणि तो शेअर वर्षानुवर्षं ‘स्वस्त’ का दिसतो याचं निम्मं उत्तर त्या घासात आहे.

आता एक जादू शिकवतो. तारीख नेहमी आपल्या सोयीची घ्यायची. कोल इंडिया 2010 मध्ये 245 रुपयांना आला. तुम्हाला शिव्या द्यायच्या असतील तर 2020 पर्यंत मोजा, तेव्हा तो दीडशेच्याही खाली होता, दहा वर्षं पाण्यात. कौतुक करायचं असेल तर 2024 पर्यंत मोजा, पाचशेच्या वर गेला, शिवाय मधले लाभांश वेगळे. कंपनी तीच, माणसं तीच, आगटीसुद्धा तीच. रविवारी साडूभाऊ 2020 ला थांबत होते आणि चुलतभाऊ 2024 ला. दोघेही खरं बोलत होते. आवाज ज्याचा मोठा तो जिंकला, म्हणजे अर्थातच साडूभाऊ.

आणि मग साडूभाऊ बँकांवर आले.

हा धडा नीट लिहून घ्या. बुडत्या बँकेचा शेअर दुसऱ्याच्या गळ्यात घालायला एकच मंत्र पुरतो, बुक व्हॅल्यू, म्हणजे देणी वजा करून वहीत एका शेअरमागे उरणारी रक्कम. ‘बुक व्हॅल्यू ऐंशी, भाव पस्तीस. रुपयाची नोट चव्वेचाळीस पैशांत मिळायलीय की!’ टाळ्या. आता हे बुक लिहितं कोण, असा प्रश्न तुमच्या मनात आलाच तर झटकून टाका. बुक बँक स्वतः लिहिते. दिलेलं कर्ज चांगलं आहे असं बँकेने म्हटलं की ते चांगलं. 2015-16 सालची थकीत कर्जं येस बँकेने 749 कोटी सांगितली होती. रिझर्व्ह बँकेने तीच वही तपासून 4,926 कोटी सांगितली. वर्ष तेच, वही तीच. आणि हे 2017 मध्ये जाहीर झाल्यावरही शेअर वर जातच राहिला, 2018 च्या ऑगस्टमध्ये चारशेला टेकला! कारण तेव्हाही आगटीभोवती कोणीतरी साडू बसलेला होताच. 5 मार्च 2020 ला खातेदारांना पैसे काढायला पन्नास हजारांची मर्यादा लागली, दुसऱ्या दिवशी शेअर काही काळ एक आकडी झाला. नंतर बँक वाचवली, तर शंभराहून जास्त शेअर ज्याच्याकडे होते त्याच्या 75 टक्के शेअरना तीन वर्षं कुलूप. विकायचे म्हटले तरी विकता येईनात. लक्ष्मी विलास बँकेच्या भागधारकांना तेवढंही मिळालं नाही. 2020 च्या नोव्हेंबरमध्ये ती डीबीएस बँकेत विलीन झाली, ठेवीदारांचा पैसा राहिला आणि शेअरचं शून्य झालं. बुक व्हॅल्यूच्या किती टक्क्यांत मिळाला होता हा हिशेबच संपला. डीएचएफएल या गृहकर्ज कंपनीच्या शेअरचंही 2021 मध्ये शून्यच झालं.

होणारच ना! बँकेकडे शंभर रुपये असतात त्यातले स्वतःचे दहा-बारा. बाकी लोकांच्या ठेवी. शंभरातली दहा कर्जं पाण्यात गेली की तुमचं ते बुक रिकामं, आणि रांगेत सगळ्यात शेवटी शेअरवाला. ठेवीला निदान पाच लाखांपर्यंत विमा आहे. शेअरला काय आहे? साडूभाऊंचा शब्द?

‘स्टेट बँक बघा की, 2020 ला दीडशे होती, 2024 ला आठशेच्या वर गेली,’ हे त्यांचं पुढचं वाक्य. खरं आहे. पण एका बोअरला पाणी लागलं म्हणून शेजारच्या काळ्या दगडात पाचशे फूट पाडायचं का? आपल्या जिल्ह्यात तरी ही चूक करू नये एवढी अक्कल लोकांनी कर्ज काढून मिळवलीय.

ॲव्हरेजिंगचं, म्हणजे पडत्या शेअरमध्येच आणखी पैसे घालण्याचं, एका वाक्यात सांगतो. फुटक्या हंड्यात पाणी टिकत नाही म्हणून त्यात आणखी एक घागर ओतणे, आणि तेही चार दिवसांनी नळ आला असताना.

‘कंपनीची जमीनच केवढ्याची आहे’ हेही वाक्य जवळ ठेवा. पण ते म्हणताना आजूबाजूला मिलमधला कोणी नाही ना ते बघून घ्या. साडूभाऊंनी बघितलं नाही. बाजेवर आमचे सासरे बसले होते. मामांनी उमेदीची वर्षं मिलमध्ये हजेरी लिहिली. मिलला जमीन होती, चिमणी होती, भोंगा होता. भोंगा बंद झाला आणि हातात काय आलं ते त्यांना विचारा. नंतर टॉवेलच्या कारखान्यात मुनिमकी करून, एक-एक पैसा गाठीला बांधून, त्यांनी बँकेत ठेव केली होती. तीन लाखांची. गेल्या वर्षी तिची मुदत संपली तेव्हा ‘सात टक्क्यांत काय ठेवलंय मामा’ म्हणत ती कोणी मोडायला लावली? आणि कोणत्या शेअरमध्ये घातली? बँकेचं नाव घेत नाही. पस्तीसला घेतलेला तो शेअर आज एकोणीसला आहे. साडूभाऊ अजून बुक व्हॅल्यू सांगतायत.

आणि मी तेव्हा काय केलं? मान हलवली. मोठे जावई बोलतायत, मध्ये कशाला पडा. माझाही हात त्यात आहे, ते नाकारत नाही.

परवा निघताना मामा मला गाडीपाशी बाजूला घेऊन गेले. म्हणाले, ‘जावईबापू, ते बँकेचं वर येईल का हो? नाय म्हंजे, घाई काय नाय. डोळ्याचं ऑपरेशन उन्हाळ्यात केलं तरी चालतंय.’

बास झाला उपरोध.

साडूभाऊ, हे वाचतोयस हे मला माहीत आहे, तुला रात्री मोबाइलशिवाय झोप येत नाही. ‘लाँग टर्म’ म्हणतोस, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला? किती लाँग? तू स्वतः त्या बँकेचे किती शेअर घेतलेस? कितीला घेतलेस? पाच वेळा विचारलं, पाचही वेळा ‘विषय तो नाही’ म्हणालास. विषय तोच आहे. चुलतभाऊ निदान स्वतःच्या पैशाने चुकतो. गच्चीवर जाऊन धुराडं बघतो, गप्प खाली येतो. तू म्हाताऱ्या माणसाची ठेव मोडलीस आणि त्यालाच वर धीर धरायला सांगतोस. लाज वाटू दे जरा.

रविवारी नळाला पाणी यायचा दिवस आहे, मामा घरीच असतात. तुझं डीमॅटचं स्टेटमेंट घेऊन ये. मीही माझं आणतो. मामांच्या समोर बसायचं, ते शेअर आता विकायचे की ठेवायचे हे त्यांना विचारायचं, त्यांनी विचारलं तेवढंच बोलायचं, आणि ऑपरेशनचे पैसे दोघांनी निम्मे-निम्मे भरायचे. बुक व्हॅल्यूचं नाव काढलंस तर चहा मिळणार नाही.