जाड कागद म्हणजे चांगला फोटो नव्हे

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली की जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या अनेक घरांत गेलेल्या वडीलधाऱ्यांचे फोटो नव्याने छापून घेण्याची गडबड सुरू होते, आणि त्याच सुमारास घरगुती छपाईविषयीचा एक संदेश व्हॉट्सॲपवर फिरू लागतो. त्याचा आशय असा: स्टुडिओत जाण्याची गरज नाही, बाजारात मिळेल तो सर्वांत जास्त जीएसएमचा ग्लॉसी कागद आणावा, कंपनी कोणतीही चालते, कारण सगळे कागद सारखेच, प्रिंटरची सेटिंग बदलू नये, त्याने शाई वाया जाते, पाकिटावर ‘वॉटरप्रूफ’ असेल तर फोटो जन्मभर टिकतो, आणि स्टुडिओवाले तरी हाच कागद वापरतात. घरी फोटो छापण्याला माझा विरोध नाही, उलट ते अवश्य करावे असे मला वाटते. म्हणूनच या संदेशातली विधाने एकेक करून तपासली पाहिजेत.

पहिले विधान जीएसएमचे. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन. झेरॉक्सचा कागद 70 ते 80 जीएसएमचा असतो, तर फोटोचे कागद साधारणपणे 180 ते 270 पर्यंत मिळतात. या आकड्यावरून कागद हातात किती भरीव लागेल ते कळते, चित्र कसे उमटेल ते कळत नाही. चित्र उमटते ते कागदावर चढवलेल्या, केसापेक्षाही पातळ अशा लेपात. लेप चांगला असेल तर 180 जीएसएमवर त्वचेचा रंग जिवंत येतो, आणि लेप सुमार असेल तर 270 जीएसएमवरही सावल्या मळकट दिसतात. शिवाय ज्या प्रिंटरमध्ये कागद खालच्या ट्रेमधून पूर्ण वळसा घेऊन बाहेर येतो, त्यात फार जाड कागद अडकतो किंवा त्यावर रोलरचे वळ उठतात. आपला प्रिंटर किती जाडीपर्यंत कागद घेतो, हे त्याच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असते.

‘सगळे ग्लॉसी सारखेच’ हे विधान त्याहून घातक आहे. स्वस्त ग्लॉसी बहुधा कास्ट-कोटेड असतो, म्हणजे साध्या पुठ्ठ्यावर चकाकीचा लेप. महाग कागद आरसी, म्हणजे रेझिन-कोटेड असतो. त्यात कागदाच्या दोन्ही अंगांना पॉलिथिनचा पातळ पापुद्रा असतो, त्यामुळे शाई पडल्यावर तो लाटांसारखा फुगत नाही. एक कोपरा फाडून पाहिल्यास फरक लगेच कळतो: कास्ट-कोटेड पुठ्ठ्यासारखा तंतू सोडत फाटतो, तर आरसीच्या फाटलेल्या कडेला प्लास्टिकचा पापुद्रा ताणलेला दिसतो. लेपाचेही दोन प्रकार आहेत. मायक्रोपोरस लेपात सिलिका किंवा ॲल्युमिनाच्या सूक्ष्म कणांमधल्या पोकळ्या शाई तात्काळ शोषतात. दुसरा, फुगणारा लेप शाईला आत घेऊन वर बंद होतो. तो सावकाश वाळतो आणि दमट हवेत चिकट राहतो. आपल्याकडे मे महिन्यात ज्या खोलीत कूलर अखंड चालू असतो, त्या खोलीत असा कागद उघडा ठेवणे म्हणजे त्याला ओल पाजणेच होय. कूलर नसेल तर उलट कोरड्या हवेने उघडे कागद कडांनी वळतात. दोन्हींवर उपाय एकच, तो म्हणजे उरलेला गठ्ठा मूळ पाकिटात घट्ट बंद करून ठेवणे.

या विधानात एवढे मात्र खरे आहे की प्रिंटरच्याच कंपनीचा कागद घ्यावा अशी सक्ती नाही. इतर उत्पादकांचे उत्तम आरसी कागद मिळतात. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये किंवा धुळ्याच्या आग्रा रोडला खरेदी करताना पाकिटावर ‘इंकजेट’, म्हणजे शाईचे सूक्ष्म थेंब सोडून छापणाऱ्या प्रिंटरसाठीचा, हा शब्द आहे ना, एवढे आधी पाहावे. लग्नपत्रिकांच्या छपाईतला चकचकीत आर्ट पेपर इंकजेटची शाई पीत नाही. थेंब वर तरंगतात आणि हात लागताच फरफटतात. छापायची बाजू ओळखता येत नसेल, तर कोपऱ्याला किंचित ओले बोट लावावे; जी बाजू बोटाला चिकटते, ती लेपाची.

सेटिंग न बदलण्याचा सल्ला तर उघड नुकसानीचा आहे. प्रिंटरला कागद दिसत नाही. आपण सांगू तेच तो धरून चालतो आणि त्यानुसार शाईचे प्रमाण ठरवतो. घरोघरी असलेल्या टाकीवाल्या प्रिंटरांपैकी अनेकांमध्ये काळी शाई पिगमेंटची, म्हणजे न विरघळणाऱ्या रंगकणांची, आणि रंगीत शाया डायच्या, म्हणजे विरघळलेल्या रंगाच्या असतात. ‘फोटो पेपर’ निवडला की असा प्रिंटर सहसा काळी बाटली बाजूला ठेवून रंगीत शायांच्या मिश्रणातून काळा बनवतो. ‘प्लेन पेपर’ ठेवले तर पिगमेंटचा काळा चकचकीत लेपावर नुसता बसून राहतो, आणि दुसऱ्या दिवशीही फोटोतल्या कोटावरून बोट फिरवले तर काळे बोटाला लागते. वाचलेली शाई अशा वेळी कागदासकट वाया जाते.

‘वॉटरप्रूफ’चा अर्थ इतकाच की पाण्याचा थेंब पडला तर रंग पसरणार नाही. रंग फिके पडतात ते उजेडाने आणि हवेतल्या ओझोनसारख्या वायूंनी. मायक्रोपोरस कागदाच्या ज्या पोकळ्या शाई पटकन वाळवतात, त्यांतूनच हवा डाय शाईपर्यंत पोहोचते. त्यामुळे असा फोटो उघडा टांगू नये, काचेआड ठेवावा, आणि ऊन थेट येते ती भिंत टाळावी. छापल्यावर निदान एक दिवस वाळू द्यावा, आणि काच व फोटो यांमध्ये माउंटची पट्टी घालावी, नाहीतर पावसाळ्यात ग्लॉसी पृष्ठभाग काचेला चिकटतो. काचेआड चकाकी तशीही हरवते, म्हणून फ्रेमसाठी इंकजेटचा मॅट कागद पुष्कळदा अधिक शोभतो.

राहिले स्टुडिओचे. रंगीत लॅबमधला पारंपरिक कागद इंकजेटचा नसतोच. त्यावर प्रकाशसंवेदी सिल्व्हर हॅलाइडचे थर असतात, त्यावर प्रकाशाने चित्र उमटवून ते रसायनांत विकसित करतात. त्या कागदावर शाई पडतच नाही. तेव्हा अल्बमचे 4×6 इंची फोटो घरी, आरसी कागदावर, योग्य सेटिंगने खुशाल छापावेत. बैठकीत हार घालून वर्षानुवर्षे ठेवायचा मोठा फोटो मात्र लॅबमधून, किंवा सर्व शाया पिगमेंटच्या असलेल्या प्रिंटरवरून करून घ्यावा.