लौतोकाच्या धक्क्यावर आमचा सातबारा

आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एकच विषय धुमसतोय: जमिनी विकायच्या की नाही. देवगड तालुक्यातलं समुद्राला लागून असलेलं गाव. वरच्या कातळावर कुणीतरी बंगल्यांची स्कीम काढलीय, तारेचं कुंपण पडलंय आणि वाडीतून सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, जाणारी पायवाट त्या कुंपणात गेलीय. मग कुणीतरी रील टाकतं, 'कोकणी माणसा, जमीन विकू नको, उद्या स्वतःच्याच गावात पाहुणा होशील.' त्याखाली धडाधड अंगठे उठतात, त्यातले निम्मे मुंबई, पुणे, दुबईतून. दुसरं कुणी लिहितं, हिमाचलसारखा कायदा करा, बाहेरच्याला जमीन द्यायचीच नाही. आणि गावात राहणारा माझा चुलतभाऊ, ज्याला काजूचा पडलेला भाव आणि मुलीच्या नर्सिंगची फी दिसते, तो एवढंच लिहितो: 'मग या आणि जमीन कसा.'

मी सिडनीत राहते. सातबाऱ्यावर माझंही नाव आहे, सामाईकातल्या डझनावारी नावांमधलं एक. ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व घेतल्यावर भारतात शेतजमीन विकत घ्यायची सोय मला उरली नाही. वारशाने आलेली ठेवू शकते, आणि विकायचीच तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच. अंगठे देणाऱ्यांत मी नव्हते, पण 'या आणि कसा'ला माझ्याकडे उत्तरही नव्हतं.

यंदा इकडच्या हिवाळ्यात, म्हणजे तुमच्या आषाढात, सिडनीहून क्रूझ घेतली आणि एके सकाळी बोट फिजीच्या लौतोका बंदराला लागली. क्रूझवाल्यांच्या मनातलं पॅसिफिक बेट, म्हणजे पांढरी वाळू आणि वाकलेला माड, ते इथे नाही. धक्क्याजवळ पाइनच्या लाकडाच्या ढलप्यांचा केवढातरी ढीग, मागे 1903 पासून चालू असलेला साखर कारखाना, आणि हवेत मळीचा तोच वास जो सांगली-कोल्हापूरकडच्या माणसाला डोळे मिटूनही ओळखता येईल. आमच्या बोटीवरचे बरेचसे लोक हे बघून नाराज झाले आणि रिसॉर्टच्या बसमध्ये चढले. मी बाजाराकडे चालत गेले. गावाच्या मुख्य रस्त्यावर मधोमध ताडांची रांग आहे आणि त्याच रस्त्यालगत उसाच्या आगगाडीचे अरुंद रूळ. गळीत हंगाम असल्याने डबे भरभरून ऊस चालला होता. गाडीचा वेग असा की शाळेची दोन पोरं तिच्या बरोबरीने चालत एकेक कांडं ओढून घेत होती आणि ड्रायव्हर बघून न बघितल्यासारखं करत होता.

बाजारात भाजी किलोवर नाही, वाट्यावर. भेंडी, कारली, वांगी, शेजारी दालो आणि कसावाची मुळं, तीन डॉलरला वाटा. एका ओट्यावर यांगोनाची, म्हणजे ज्यांचं कावा नावाचं पेय करतात ती, मुळं जुड्या बांधून ठेवलेली. पलीकडे मिरची-हळदीच्या पुड्या आणि रोटीत गुंडाळलेली बटाट्याची भाजी. विकणारी बाई मूळ फिजियन, घेणारी भारतीय वंशाची, आणि घासाघीस चालली होती ती फिजी हिंदीत.

बोटीच्या पैशाचं म्हणाल, तर फार हुरळून जाण्यासारखं काही दिसलं नाही. हजार-दोन हजार माणसं उतरतात, सहा-सात तास फिरतात, जेवायला परत बोटीवर, कारण तिथलं जेवण तिकिटातच आलंय. टॅक्सीवाले, मण्यांच्या माळा विकणाऱ्या बायका आणि बोटीनेच ठरवलेल्या टूरवाल्यांना काय ते मिळतं. आपल्याकडे 2024 मध्ये 'क्रूझ भारत मिशन' सुरू झालं, 2029 पर्यंत क्रूझचे प्रवासी दुप्पट करायचे आहेत. उद्या एखादी बोट विजयदुर्गाला लागली तर हॉटेलवाल्यांनी एवढं लक्षात ठेवावं की दुपारची थाळी बोटीवरच खपणार आहे.

मला खरी गोष्ट कळली ती टॅक्सीत. भारतीय वंशाचा साठीचा ड्रायव्हर, मी कुठली हे विचारून झाल्यावर त्याने उसाच्या शेतांमधून गाडी नेली आणि एका ठिकाणी हळू केली. घराचा चौथरा, दोन आंब्याची झाडं, बाकी रान माजलेलं. इथे तो जन्मला. वडिलांचा करार संपला, मालकांनी वाढवला नाही, घर मोडून पत्रे आणि लाकूड ट्रकमध्ये घातलं आणि शहरात आले. मालक कोण, विचारलं. 'ते काय', म्हणून त्याने टेकडीपलीकडचं गाव दाखवलं. वाईट माणसं नाहीत, म्हणाला, त्यांची जमीन आहे, त्यांनी घेतली. पण तिथे कुणी ऊस लावलेला नव्हता.

इथे थोडा इतिहास सांगायला हवा. फिजी 1874 मध्ये ब्रिटिशांकडे गेलं. पुढच्या वर्षी आर्थर गॉर्डन गव्हर्नर म्हणून आला आणि त्याने मूळ फिजियनांच्या जमिनींची विक्री रोखली. म्हणून आजही देशातली सुमारे 87 टक्के जमीन इतौकेई, म्हणजे मूळ रहिवाशांच्या, मालकीची आहे. ती कुणा एकाची नाही, मतांगालीची आहे. आपली भावकी समजा. ती विकता येत नाही, मालकाला स्वतःलाही नाही. फक्त भाड्याने देता येते, तेही 1940 मध्ये स्थापन झालेल्या जमीन मंडळामार्फत: शेतीला साधारण 30 वर्षं, हॉटेलला 99 वर्षांपर्यंत. मंडळ भाडं गोळा करतं आणि भावकीत वाटतं. पूर्वी त्यातला मोठा वाटा सरदार मंडळी घेत, 2011 पासून सगळ्यांना सारखा. आमच्या ग्रुपवरच्या रीलवाल्याला जे स्वप्न पडतं ते इथे, मधली थोडी वर्षं सोडली तर, दीडशे वर्षं कायद्यात आहे. आणि ते चालतंही. बऱ्याच रिसॉर्टच्या वाळूखालची जमीन आजही शेजारच्या गावाची आहे आणि दरवर्षी त्या गावात भाडं येतं.

पण याच गॉर्डनला वसाहत पोसायला ऊस हवा होता. फिजियनांची जमीन घ्यायची नाही, त्यांना मजुरीलाही जुंपायचं नाही. मग राबायचं कुणी? फिजीला येण्याआधी गॉर्डन मॉरिशसचा गव्हर्नर होता, त्यामुळे उत्तर त्याला पाठ होतं. (त्या मॉरिशसला आपली रत्नागिरीकडची माणसंही ऊस तोडायला गेली होती, त्यांची पतवंडं आजही स्वतःला मराठी म्हणवतात.) 1879 मध्ये 'लिओनिदास' नावाचं जहाज कलकत्त्याहून गिरमिटियांना, म्हणजे करारावर बांधलेल्या मजुरांना, घेऊन आलं आणि 1916 पर्यंत साठ हजारांहून जास्त माणसं पाच-पाच वर्षांच्या करारावर आणली गेली. करार संपल्यावर बरेचजण तिथेच राहिले आणि फिजियनांची जमीन भाड्याने घेऊन ऊस लावू लागले. जमीन वाचवली ती एकाची आणि राबवलं ते दुसऱ्याला, असा तो सौदा होता.

त्याचं बिल शंभर वर्षांनी आलं. 1976 च्या कायद्याने कुळांना दिलेल्या मुदती 1997 पासून संपायला लागल्या. मधल्या काळात राजकारण पेटलेलं: 1987 ची लष्करी बंडं, 1999 मध्ये महेंद्र चौधरी पहिले भारतीय वंशाचे पंतप्रधान आणि वर्षभरात संसदेतच 56 दिवस ओलीस. त्या 2000 सालच्या दंगलीत घरदार सोडून पळालेल्या कुटुंबांची छावणी याच लौतोकात, गिरमिट सेंटरमध्ये होती. हजारो करार वाढवले गेले नाहीत. नव्वदच्या दशकात वर्षाला 40 लाख टनांच्या घरात जाणारा ऊस आता 20 लाखांच्याही खाली आहे. ज्यांना जमलं ते ऑकलंड, सिडनी, व्हँकुव्हरला गेले. सिडनीत आमच्या किराणावाल्याचं घराणं तिथलंच. 1987 चं बंड करणारे सितिवेनी राबुका आता लोकांनी निवडून दिलेले पंतप्रधान आहेत आणि 2023 च्या मे महिन्यात त्यांनी त्या बंडाबद्दल जाहीर माफी मागितली. चांगलंच झालं, पण माफीने करार वाढत नाही.

हे बघून 'बघा, विक्रीबंदी वाईट' असं म्हणणारे निघतील. मला तसं वाटत नाही. हवाईत मूळ रहिवाशांच्या हातून जमीन कशी गेली ते सगळ्यांना दिसतं. फिजियन माणूस आपल्या देशात भाडेकरू झाला नाही हे त्या कायद्याचंच देणं. फसलं ते दुसरीकडे: मालकाला कायमचं संरक्षण आणि कसणाऱ्याला 30 वर्षांनंतर कशाचीच खात्री नाही.

आपल्याकडे बरोबर उलटं घडलं. 1948 चा कूळ कायदा आणि 1 एप्रिल 1957 चा कृषक दिन, कसेल त्याची जमीन. ते व्हायलाच हवं होतं. कोकणात खोतांनी, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांनी, काय केलं होतं हे आमच्याच घरात, दोन्ही बाजूंनी, ऐकलंय. पण त्याची भीती अजून मालकांच्या हाडात आहे. जमीन कुणाला कसायला दिली की सातबाऱ्यावर कूळ लागेल आणि जमीन हातची जाईल, म्हणून देतच नाहीत. गाव सोडलेल्यांच्या जमिनी वर्षानुवर्षं पडीक, त्यात वणवे. भाड्याने द्यायची सोय नाही, कसायला माणूस नाही, मग एजंट येतो तेव्हा विकणं हा एकच मार्ग उरतो. शेतकऱ्यालाच शेतजमीन घेता येईल ही अट कायद्यात आहेच. शेतकरी असल्याचा दाखला पैदा करणाऱ्याला ती कधी आडवी आलीय? नाणारला रिफायनरीची चर्चा सुरू झाली तेव्हा जमिनी कुणी घेतल्या हे राजापुरात सगळ्यांना तोंडपाठ आहे.

म्हणून माझं म्हणणं: हिमाचलसारखी बंदी मागण्याआधी भाडेपट्टा मागा. वीस-पंचवीस वर्षांचा, नोंदणी केलेला, कूळ लागणार नाही याची मालकाला आणि मुदतीआधी हुसकलं जाणार नाही याची घेणाऱ्याला हमी देणारा. मुदत संपल्यावर त्याने लावलेल्या कलमांची, बांधलेल्या घराची भरपाई आधीच कागदावर. त्या टॅक्सीवाल्याच्या वडिलांच्या कागदावर ती असती तर पुढचं कदाचित वेगळं घडलं असतं. हे काही आभाळातून आणायचं नाही. नीती आयोगाने 2016 मध्येच राज्यांसाठी शेतजमीन भाडेपट्ट्याचा नमुना कायदा तयार केला. आणि सौर प्रकल्पांसाठी आपलंच सरकार शेतकऱ्याची जमीन हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपयांनी घेतं, दरवर्षी तीन टक्के वाढ देतं, मालकी शेतकऱ्याचीच ठेवतं. पॅनेलला जे जमतं ते हापूसच्या कलमांना आणि होम-स्टेला का जमू नये?

फिजीच्या पद्धतीतलं एक मात्र मला नको. तिथे भावकीच्या नोंदवहीत नाव लागतं ते बहुतेक वेळा बापाकडून. आपल्याकडे लेकीला वडिलोपार्जित जमिनीत लेकाइतका हक्क मिळायला महाराष्ट्रात 1994 आणि देशभर 2005 उजाडावं लागलं, आणि तरी हक्कसोडपत्राचा कागद राखीबरोबर येतोच. भावकीची एकी म्हणताना त्यात लेकी धरलेल्या असतात की नाही, हे मी प्रत्येक वेळी विचारणार.

ग्रुपवर हे सगळं लिहिलं तर पहिली हरकत येणार सह्यांची. सामाईक जमिनीचा भाडेपट्टा करायचा तर सगळे हिस्सेदार लागतात, आणि आमच्यातले दोन कुठे आहेत हेच कुणाला माहीत नाही. एकाचे वारस कल्याणला की कर्जतला यावर वाद आहे. वाटपाचा दावा लावला तर दिवाणी कोर्टात पंधरा वर्षं. एजंटला यातलं काहीच आडवं येत नाही, कारण त्याला सगळ्यांच्या सह्या नकोच असतात. एकाचा अविभक्त हिस्सा विकत घेऊन आत शिरायला त्याला एकच सही पुरते.